इऑन दुका : फॅसिस्टांना रोखू पाहणारे दीड महिन्याचे पंतप्रधान

२९ डिसेंबर १९३३. रोमानियाच्या सिनाया रेल्वे स्थानकावर गोळ्या झाडून चक्क पंतप्रधानांची हत्या झाली. ते होते इऑन दुका.

१८७९ मध्ये बुखारेस्टला जन्मलेले दुका पॅरिसमध्ये कायदा शिकले. उदारमतवादी नॅशनल लिबरल पक्षातून ते शिक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि १९३० मध्ये पक्षाध्यक्ष झाले. नोव्हेंबर १९३३ मध्ये पंतप्रधान झाल्यावर निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी ज्यूद्वेष्ट्या ‘आयर्न गार्ड’वर बंदी घातली. निवडणूक त्यांच्या पक्षाने जिंकली. पण राजा कॅरोल यांना भेटून परतताना याच संघटनेच्या तिघांनी त्यांना गाठलं.

मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, संघटनेचा म्होरक्या कोद्रेआनू मात्र निर्दोष सुटला. फॅसिझमशी तडजोड न करणारा नेता म्हणून दुका आजही ओळखले जातात.