विश्लेषण : वादळाचा पहिला सरकारी इशारा कोणी दिला? आणि त्याची किंमत काय मोजली?

थंडीची लाट, दाट धुके, खवळलेला समुद्र... धोका कोणताही असो, हवामान खात्याचा यलो किंवा ऑरेंज अलर्ट आज काही मिनिटांत मोबाइलवर येतो. तो खरा ठरला तर कुणाच्या लक्षात राहत नाही. चुकला तर मात्र दिवसभर थट्टा होते. संकट येण्याआधी सरकारने लोकांना सावध करावे, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्या रॉबर्ट फिट्झरॉय यांनाही हेच सोसावे लागले. चार्ल्स डार्विन यांना जगप्रवासाला नेणारे कप्तान म्हणून ते बहुतेकांना माहीत आहेत. त्यांचे दुसरे काम मात्र आजही रोज जीव वाचवते आहे.

रॉबर्ट फिट्झरॉय कोण होते?

फिट्झरॉय यांचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात झाला. घराणे उमरावांचे, आजोबा ड्यूक ऑफ ग्राफ्टन. बाराव्या वर्षी ते पोर्ट्समथच्या नौदल महाविद्यालयात दाखल झाले आणि पुढे लेफ्टनंटपदाच्या परीक्षेत पूर्ण गुण मिळवून उत्तीर्ण झाले. १८२८ मध्ये दक्षिण अमेरिकेचा किनारा मोजणाऱ्या ‘बीगल’ जहाजाच्या कप्तानाने नैराश्यातून जीवन संपवले आणि अवघ्या २३ वर्षांच्या फिट्झरॉय यांच्याकडे ते जहाज आले.

त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १८२९ मध्ये, ला प्लाटा नदीच्या मुखाजवळ ‘बीगल’ला अचानक आलेल्या वावटळीने गाठले. डोलकाठ्या मोडल्या, दोन खलाशी बुडाले. त्याआधी बॅरोमीटरचा पारा घसरत होता, पण शिडे वेळेत उतरवली गेली नव्हती. या मृत्यूंचा दोष फिट्झरॉय यांनी स्वतःकडे घेतला. पारा घसरू लागला की हालचाल करायची, हा धडा ते विसरले नाहीत. १८३१ ते १८३६ या काळात डार्विन यांना घेऊन ‘बीगल’ने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

जहाजावरून हवामानाकडे कसे वळले?

परतल्यावर ते खासदार झाले. १८४३ मध्ये त्यांची न्यूझीलंडच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. तिथे जमिनीच्या वादात माओरींची बाजू ऐकून घेतल्याने गोरे वसाहतवाले संतापले आणि दोन वर्षांत त्यांना माघारी बोलावण्यात आले. १८५४ मध्ये ब्रिटनच्या व्यापार मंडळाने एक छोटासा हवामान विभाग सुरू केला आणि तो फिट्झरॉय यांच्याकडे दिला. आजच्या ब्रिटिश हवामान खात्याची, म्हणजे ‘मेट ऑफिस’ची, ही सुरुवात.

विभागाचे काम ठरलेले होते : जहाजांकडून वारा, तापमान आणि हवेचा दाब यांच्या नोंदी गोळा करायच्या आणि त्यांचे तक्ते करायचे. अंदाज देणे त्यात नव्हते. मात्र समुद्रावर माणसे मरताना कार्यालयात बसून तक्ते भरत राहणे फिट्झरॉय यांना पटत नव्हते. ज्या मच्छीमारांना बॅरोमीटर विकत घेणे परवडत नव्हते, त्यांच्या छोट्या बंदरांवर त्यांनी सार्वजनिक बॅरोमीटर बसवून घेतले. पारा कसा वाचायचा, हे सांगणारी सोपी पुस्तिकाही लिहिली.

१८५९ च्या वादळात काय घडले?

उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर ध्रुवाकडची गार हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या तापमानातील फरक वाढतो. त्यातून खोल कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि एकामागून एक ब्रिटनवर येऊन धडकतात. दिवस लहान, पाणी बर्फासारखे. अशा वेळी समुद्रात पडलेला माणूस फार वेळ तग धरत नाही.

२५ आणि २६ ऑक्टोबर १८५९ रोजी असेच एक वादळ आले. ऑस्ट्रेलियात सोने कमावून घरी परतणाऱ्या प्रवाशांना घेऊन निघालेले ‘रॉयल चार्टर’ हे जहाज लिव्हरपूल काही तासांच्या अंतरावर असताना वेल्समधील अँगलसी बेटाच्या खडकांवर फुटले. सुमारे ४५० जण बुडाले. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यांवर १३३ जहाजे बुडाली आणि मृतांचा आकडा ८०० च्या आसपास गेला.

फिट्झरॉय यांनी ठिकठिकाणच्या नोंदी मागवून त्या वादळाचे नकाशे काढले. त्यातून दिसले की, वादळ एका जागेहून दुसरीकडे सरकायला काही तास घेते. विजेच्या तारेने गेलेला संदेश मात्र त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. म्हणजे एका किनाऱ्यावर वादळ दिसताच पुढच्या किनाऱ्याला सावध करता येते.

इशारा प्रत्यक्षात कसा दिला जाई?

किनाऱ्यावरील पंधराच्या आसपास ठिकाणांहून दररोज सकाळी वारा, दाब व तापमान यांची माहिती तारेने लंडनला येऊ लागली. फिट्झरॉय ती नकाशावर मांडत. धोका दिसला की संबंधित बंदरांना तार जाई आणि तिथल्या उंच काठीवर कापडी खूण चढवली जाई. टोक वर केलेला शंकू म्हणजे उत्तरेकडून वादळी वारे, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. सोबत ढोलाच्या आकाराची खूण दिसली की धोका मोठा. रात्री हेच आकार कंदिलांनी दाखवले जात. वाचता न येणाऱ्या खलाशालाही दुरून कळावे, अशी ही योजना होती.

पहिला इशारा फेब्रुवारी १८६१ च्या पहिल्या आठवड्यात निघाला. त्यानंतर काही दिवसांतच, ९ फेब्रुवारीला, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर भीषण वादळ आले. व्हिटबी बंदरात एकामागून एक जहाजे किनाऱ्यावर आदळत होती. त्यांच्यावरील माणसांना सोडवण्यासाठी बचाव नौका दिवसभरात पाच वेळा जाऊन आली आणि सहाव्या खेपेला उलटली. नौकेवरील १३ जणांपैकी १२ जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. त्याच्या अंगात बुचाचे नवे जीवरक्षक जॅकेट होते. इशारा देण्याची सोय झाली तरी तो सर्वांपर्यंत पोहोचणे आणि लोकांनी तो मानणे बाकीच होते.

टीका कशावरून झाली?

१ ऑगस्ट १८६१ पासून लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये फिट्झरॉय यांचे रोजचे अंदाज छापून येऊ लागले. आपण भविष्य सांगत नाही, नोंदींवरून अंदाज बांधतो, हे ते सतत बजावत. त्यासाठी इंग्रजीत आज रूढ असलेला ‘फोरकास्ट’ हा शब्द हवामानासाठी त्यांनीच वापरात आणला. राणी व्हिक्टोरिया यांच्याकडूनही समुद्रप्रवासापूर्वी त्यांच्याकडे विचारणा होई.

पण हाताशी मोजकी केंद्रे आणि अटलांटिककडून जवळजवळ काहीच माहिती नाही, अशा स्थितीत अंदाज चुकणारच होते. ते चुकले की वर्तमानपत्रे टर उडवत. ज्यात छापून येत, तो ‘टाइम्स’ही मागे नव्हता. नियम सिद्ध झाल्याशिवाय अंदाज देणे हे विज्ञान नव्हे, असे शास्त्रज्ञांपैकी अनेकांचे मत होते. शंकू चढला की बोटी बंदरात अडकून पडतात आणि कमाई बुडते, अशी काही बोटमालकांची तक्रार होती. खुद्द मच्छीमारांना मात्र ही खूण हवी होती.

कर्ज, ढासळलेली प्रकृती, कामाचा ताण आणि नैराश्य यांनी फिट्झरॉय खचले. ३० एप्रिल १८६५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. त्यांची बरीचशी मालमत्ता सार्वजनिक कामांत खर्च झाली होती. कुटुंबासाठी मित्रांनी निधी उभारला. त्यात डार्विन यांनी १०० पौंड दिले.

इशारे बंद का झाले आणि पुन्हा का सुरू झाले?

त्यांच्या मृत्यूनंतर फ्रान्सिस गॅल्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कामाची तपासणी केली. अंदाजांना पुरेसा शास्त्रीय पाया नाही, असा निष्कर्ष निघाला. १८६६ मध्ये आधी रोजचे अंदाज आणि डिसेंबरमध्ये वादळाचे इशारेही थांबले. त्यावर बंदरांतून ओरड झाली. अधूनमधून चुकणारा इशाराही काहीच नसण्यापेक्षा बरा, हे समुद्रावर जाणाऱ्यांनी अनुभवले होते. साधारण वर्षभराने बंदरांवर पुन्हा खुणा चढू लागल्या. वर्तमानपत्रांतील अंदाज परतायला मात्र १८७९ उजाडले. २००२ मध्ये ब्रिटनच्या सागरी हवामानवृत्तातील ‘फिनिस्टेरे’ या क्षेत्राला ‘फिट्झरॉय’ असे नाव देण्यात आले.

आपल्याकडे याचा संबंध काय?

ऑक्टोबर १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानंतर भारतातही बंदरांना सावध करण्याची व्यवस्था उभी राहू लागली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. कोकणातील बंदरांवर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला, असे आजही म्हटले जाते. त्या बावट्यातील दिवसाचे शंकू आणि नळकांडी, रात्रीचे लाल-पांढरे दिवे हे फिट्झरॉय यांच्या पद्धतीचेच पुढचे रूप आहे.

थंडीच्या लाटेचा इशाराही याच विचारातून येतो. मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी झाले की थंडीची लाट मानली जाते. इशारा आदल्या दिवशी मिळाला तर निफाडचा द्राक्ष बागायतदार रात्री बागेला पाणी देतो, शेकोट्या पेटवतो. पारा अपेक्षेइतका उतरला नाही, तर एका रात्रीची मेहनत वाया जाते. इशाराच आला नाही, तर पूर्ण हंगाम धोक्यात येतो. बंदरात थांबलेल्या बोटीचा हिशेबही तोच होता.