कलामर्मज्ञ आनंद कुमारस्वामी

अमेरिकेतील बोस्टन शहरी ललित कलांचे एक प्रसिद्ध संग्रहालय आहे. राजस्थानात आणि कांगड्याच्या डोंगराळ मुलखात काढलेली जुनी चित्रे तेथे मोठ्या संख्येने जतन करून ठेविलेली आहेत. कोठे कांगडा आणि कोठे बोस्टन! ही चित्रे सातासमुद्रांपलीकडे कशी गेली आणि त्यांचा अर्थ जगाला कोणी उलगडून दाखविला, ही हकीकत आनंद कुमारस्वामी यांच्या चरित्रात सामावलेली आहे.

कुमारस्वामींचा जन्म २२ ऑगस्ट १८७७ रोजी कोलंबो येथे झाला. श्रीलंकेस त्या काळी सिलोन म्हणत व तेथे इंग्रजांचा अंमल होता. वडील सर मुत्तू कुमारस्वामी हे तमिळ हिंदू गृहस्थ. ते इंग्लंडात बॅरिस्टर झाले होते व सिलोनच्या विधिमंडळाचे सभासद होते. विद्येची त्यांना मनापासून आवड होती. सत्यवचनी राजा हरिश्चंद्रावरील एक तमिळ नाटक त्यांनी इंग्रजीत उतरविले होते आणि पाली भाषेतील बौद्ध ग्रंथांची भाषांतरेही केली होती. आई एलिझाबेथ या इंग्लंडच्या केंट परगण्यातील. आनंद दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच आई त्याला घेऊन माहेरी गेली. वडील मागाहून येणार होते. परंतु १८७९ साली, प्रस्थानाच्या तयारीत असतानाच त्यांचे देहावसान झाले. अशा रीतीने वडिलांचा सहवास नाही, वडिलांची भाषा कानी पडत नाही, अशा स्थितीत हा मुलगा इंग्लंडात वाढला.

पुढे हा मुलगा कलेचा पंडित होईल असे त्या वेळी कोणासही वाटले नसते, कारण लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याने भूगर्भशास्त्र व वनस्पतिशास्त्र हे विषय घेतले. १९०० साली ते पदवीधर झाले आणि १९०३ मध्ये, ऐन पंचविशीत, सिलोनच्या खनिज पाहणी खात्याचे संचालक म्हणून जन्मभूमीस परतले. थोरिअनाइट नावाचे एक दुर्मीळ खनिज त्यांच्याच पाहणीतून शास्त्रज्ञांच्या नजरेस आले. लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही पदवी दिली. दगड हाती घ्यावा, त्याचा रंग, वजन व कण न्याहाळावेत, तो कोठे सापडला ते टिपून ठेवावे आणि मगच त्याचे नाव सांगावे, ही सवय त्यांना येथे जडली. पुढे मूर्ती आणि चित्रे यांच्या बाबतीतही त्यांनी हीच रीत पाळली.

खनिजांच्या शोधार्थ त्यांना खेडोपाडी हिंडावे लागे. कँडीच्या डोंगराळ प्रदेशात हस्तिदंत कोरणारे, लाखेचे रंगकाम करणारे, चटया विणणारे, मूर्ती घडविणारे असे पिढीजात कारागीर राहत असत. परंतु १८१५ साली कँडीचे राज्य बुडाले होते व त्याबरोबर कारागिरांचा राजाश्रयही गेला होता. त्यातच विलायतेतील यंत्रांवर निघालेला स्वस्त माल बाजारात येऊन पडू लागला. बापाची विद्या मुलगा शिकेनासा झाला. कुमारस्वामी हे सर्व पाहून अस्वस्थ झाले. खनिजे जमिनीत हजारो वर्षे तशीच राहतील, पण म्हाताऱ्या कारागिराबरोबर नाहीशी होणारी विद्या पुन्हा कोठे शोधणार? त्यांनी कारागिरांपाशी बसून हत्यारांची नावे, नक्षीचे प्रकार, रंग करण्याच्या कृती विचारून घेतल्या. त्यांच्या पत्नी एथेल यांनी छायाचित्रे घेतली. या परिश्रमांतून मध्ययुगीन सिंहली कलेवरील त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १९०८ साली सिद्ध झाला. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिराच्या हातयंत्रावर तो छापला. छपाईस सव्वा वर्ष लागले व प्रती निघाल्या अवघ्या ४२५. कारागिरांच्या हस्तकौशल्याचा ग्रंथ हातानेच छापावा, असा त्यांचा आग्रह होता.

आता त्यांचे लक्ष भारताकडे वळले. भारतातील मूर्ती या कला नसून केवळ विद्रूप दैवते होत, असे त्या वेळी अनेक युरोपीय विद्वान समजत. १९१० साली लंडनमधील एका सभेत अध्यक्षस्थानी असलेल्या सर जॉर्ज बर्डवुड यांनी जावा बेटातील एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पिठाच्या गोळ्याशी केली. हे गृहस्थ भारताच्या हस्तकलांचे चाहते होते. तरी मूर्तीतील शांती त्यांना दिसली नाही, हे नवल होय. या उद्गारांनी अनेक जण क्षुब्ध झाले. त्यातूनच हॅवेल, रोथेनस्टाइन, कुमारस्वामी प्रभृतींनी इंडिया सोसायटी ही संस्था स्थापिली. आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचा लेडी हेरिंगहॅम यांचा ग्रंथ १९१५ साली याच संस्थेने प्रसिद्ध केला.

कुमारस्वामींनी उत्तर भारतात प्रवास करून जुनी चित्रे जमविण्यास आरंभ केला. भारतातील सर्व लहान चित्रे मोगल दरबारची होत, असा तोवर समज होता. कुमारस्वामींनी ती शेजारीशेजारी ठेवून पाहिली. काही चित्रांत बादशहा, सरदार, शिकार, दरबार यांचे हुबेहूब चित्रण दिसे. तर काहींत गोकुळातील कृष्ण, पावसाची वाट पाहणारी विरहिणी, रागरागिण्यांची रूपे. ही दुसरी चित्रे राजपूत राजांच्या आश्रयाने निर्माण झालेली आहेत व त्यांची परंपरा निराळी आहे, असे त्यांनी १९१६ साली दोन खंडांच्या ग्रंथात साधार मांडले. या दोन परंपरांत त्यांनी ओढलेली रेघ जरा अधिकच ठळक होती, हे पुढील संशोधकांनी दाखवून दिले आहे. परंतु राजपूत चित्रकला या नावाने आज जे ओळखले जाते, त्याकडे अभ्यासकांची दृष्टी वळविण्याचे श्रेय त्यांचेच.

काशीस एक राष्ट्रीय संग्रहालय उभारावे आणि आपला सारा संग्रह त्यास अर्पण करावा, अशी त्यांची फार इच्छा होती. त्यासाठी त्यांनी खटपट केली. पण निधी जमला नाही. स्वदेशीची चळवळ तेव्हा जोरात होती. स्वदेशी म्हणजे केवळ देशी कापड विकत घेणे नव्हे, तर ते विणणाऱ्याचे कसब व त्याची अभिरुची जिवंत ठेवणे होय, असे ते लिहीत असत. ते लेखन वाचणारे होते, पण संग्रहालयासाठी पैसा देणारे निघाले नाहीत. पुढे पहिले महायुद्ध पेटले. पारतंत्र्यात असलेल्या लोकांनी साम्राज्यासाठी रणांगणावर जावे, हे कुमारस्वामींना मान्य नव्हते आणि आपले मत त्यांनी लपविले नाही. त्यामुळे इंग्लंडात राहणे त्यांना अवघड झाले.

अशा वेळी बोस्टनच्या संग्रहालयाने त्यांना बोलाविले. डेनमन रॉस या धनिक कलाप्रेमी गृहस्थांनी त्यांचा चित्रसंग्रह विकत घेऊन संग्रहालयास दिला आणि १९१७ साली कुमारस्वामी तेथील भारतीय विभागाचे प्रमुख झाले. काशीस जागा न मिळालेली चित्रे अशा प्रकारे बोस्टनला गेली. त्यांच्याबरोबर त्यांचा जाणताही गेला. यापुढील तीस वर्षे त्यांनी त्याच संग्रहालयात काढली.

संग्रहालयात वस्तू मांडून ठेवल्या की काम संपले, असे आपल्यास वाटते. वास्तविक काम तेथून पुढे सुरू होते. ही मूर्ती कोठली, कोणत्या शतकातील, कोणी पूजिलेली, तिच्या हाती हे काय आहे, याची उत्तरे कोणी तरी शोधावी लागतात. कुमारस्वामींनी १९२३ पासून १९३० पर्यंत संग्रहाची वर्णनात्मक सूची अनेक भागांत प्रसिद्ध केली. नटराजाच्या मूर्तीचा अर्थ त्यांनी तमिळ शैव ग्रंथांच्या आधारे सांगितला. शिवाच्या एका हातातील डमरू ही सृष्टीची उत्पत्ती, दुसऱ्या हातातील ज्वाला हा संहार, अभय देणारा हात हे रक्षण, उचललेला पाय ही मुक्ती आणि पायाखालचा बुटका म्हणजे अज्ञान. परदेशी प्रेक्षकाला जी चार हातांची विचित्र आकृती वाटे, ती आता एखाद्या कवितेप्रमाणे वाचता येऊ लागली.

बुद्धमूर्तीचा प्रश्न याहून बिकट होता. सांची आणि भारहूत येथील प्राचीन शिल्पांत बुद्धाची आकृती कोठेच कोरलेली नाही. त्याच्या जागी बोधिवृक्ष, रिकामे आसन किंवा पावलांचे ठसे दाखविलेले आहेत. मग पहिली मूर्ती कोणी घडविली? वायव्येकडील गांधार प्रांतात ग्रीक वळणाच्या शिल्पींनी ती घडविली, असे फूशे या फ्रेंच पंडिताचे मत होते व ते बहुतेकांनी स्वीकारले होते. कुमारस्वामींनी मथुरेच्या मूर्ती पाहिल्या. त्यांत ताठ उभे राहणारे, रुंद छातीचे, भरदार अंगाचे यक्ष होते. मथुरेतील आरंभीचे बुद्ध आणि बोधिसत्त्व थेट या यक्षांचे भाऊबंद दिसत. तेव्हा बुद्धमूर्ती भारतीय शिल्पींनी आपल्याच यक्षमूर्तींवरून घडविली, असा निष्कर्ष त्यांनी १९२७ साली मांडला. गांधार आणि मथुरा येथे जवळपास एकाच काळात मूर्ती घडू लागल्या, असे आज अनेक अभ्यासक मानतात. वाद पुरता मिटलेला नाही. तथापि मथुरेचे नाव घेतल्यावाचून तो आता कोणास मांडता येत नाही.

१९३३ च्या सुमारास संग्रहालयाने त्यांचे पद बदलले. ते आता भारतीय, इराणी व मुसलमानी कलेचे संशोधन-अधिछात्र झाले. इंग्रजीत यालाच फेलो म्हणतात. या पदावरील माणसाकडे खरेदी-विक्री, हिशेब, दालनांची देखरेख यांचा भार नसतो. वाचावे, पाहावे, विचार करावा आणि लिहावे, एवढेच त्याचे काम. असे पद आळशी माणसाच्या हाती पडले तर फुकट जाईल. कुमारस्वामींच्या हाती पडल्यामुळे त्यातून एकामागून एक ग्रंथ निर्माण झाले. एखाद्या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी ते वेद, पाली ग्रंथ, ग्रीक तत्त्वज्ञ आणि ख्रिस्ती संत यांची वचने पडताळून पाहत. त्यांचे या काळातील लेखन कठीण आहे, टीपांनी गच्च भरलेले आहे. आणि जुना काळ त्यांनी कित्येकदा होता त्याहून उजळ रंगविला आहे. मात्र पुरावा दिल्यावाचून ते एक पाऊलही पुढे टाकत नसत.

आयुष्य संग्रहालयात घालविलेल्या या पंडिताचे संग्रहालयाविषयीचे मत ऐकून नवल वाटते. या वस्तू येथे ठेवण्यासाठी घडविलेल्याच नाहीत, असे ते म्हणत. घडा पाण्यासाठी, मूर्ती पूजेसाठी, गालिचा बसण्यासाठी. मूळ जागेवरून उचलल्यावर वस्तू मुकी होते. म्हणून ती कशासाठी घडविली गेली हे प्रेक्षकास सांगणे, हेच संग्रहालयाचे पहिले कर्तव्य, असे त्यांचे प्रतिपादन होते. काशीला जाऊ न शकलेला संग्रह रोज पाहत असताना हा विचार त्यांच्या मनात किती वेळा आला असेल!

१९४७ च्या ऑगस्टमध्ये भारत स्वतंत्र झाला. त्यानंतर आठवड्याने, २२ तारखेस, कुमारस्वामींना सत्तर वर्षे पूर्ण झाली. बोस्टनमधील मित्रांनी त्यांच्या सन्मानार्थ भोजन दिले. आता निवृत्त होऊन आपण भारतात परत जाणार व तेथेच उरलेले आयुष्य चिंतनात घालविणार, असे त्यांनी या प्रसंगी जाहीर केले. परंतु ९ सप्टेंबर १९४७ रोजी, बोस्टनजवळील नीडहॅम या गावी, त्यांचे निधन झाले. भारताचे राष्ट्रीय संग्रहालय १५ ऑगस्ट १९४९ रोजी दिल्लीत उघडले. त्याला स्वतःची इमारत तेव्हा नव्हती. आज ज्याला राष्ट्रपती भवन म्हणतात, त्या वास्तूच्या दालनांत मूर्ती मांडल्या होत्या.