सरखेल कान्होजी आंग्रे

कोकणचा समुद्र दुरून शांत दिसतो. परंतु त्याच्या पोटात अनेक खडक दडलेले आहेत. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली जातात. त्यांची जागा ठाऊक नसलेल्या नाविकाचे जहाज त्यांवर आदळले, की त्याचा तळ फुटतो व आत पाणी शिरून ते बुडते. उथळ वाळूत रुतलेले जहाज लाटांच्या तडाख्यांनी मोडते. पावसाळ्यात तर नैऋत्येचा सोसाट्याचा वारा जहाजांना किनाऱ्यावरच आणून आपटतो. म्हणून नारळी पौर्णिमा होईपर्यंत कोकणातील नाविक आपली गलबते समुद्रात लोटीत नसत.

या समुद्राचा स्वभाव कान्होजी आंग्रे यांनी पुरता ओळखला होता. त्यांचे वडील तुकोजी हे शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. १६९८ च्या सुमारास मराठ्यांच्या आरमाराची धुरा कान्होजींकडे आली. पुढे १७१३ साली बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले. महाराजांनी त्यांचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, कायम केले.

इंग्रजांची मोठी जहाजे पाण्यात खोल बुडत. त्यामुळे खडकाळ व उथळ किनाऱ्याजवळ येणे त्यांना धोक्याचे वाटे. वारा पडला, की ती जागीच खिळून राहत. मराठ्यांची गलबते लहान व उथळ बुडाची असत. ती वल्ह्यांनी चालत आणि वारा नसताना मोठ्या गुराबांनाही ओढून नेत. १७१८ साली इंग्रजांनी खांदेरीवर, १७२० साली विजयदुर्गावर आणि १७२१ साली पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली. तिन्ही वेळा त्यांना हात हलवीत परत जावे लागले.

१७२९ साली कान्होजींनी देह ठेवला. त्यानंतर काही वर्षांतच त्यांच्या मुलांत कलह माजला. १७३५ साली मानाजींकडे कुलाबा व संभाजींकडे विजयदुर्ग अशी आंग्रे घराण्याची दोन शकले झाली. पुढे विजयदुर्गाचे धनी तुळाजी आंग्रे व पेशवे यांचे वैर इतके विकोपास गेले, की पेशव्यांनी तुळाजींविरुद्ध इंग्रजांचेच साहाय्य घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजी आरमार विजयदुर्गापुढे उभे ठाकले. बंदरात दाटीने नांगरलेल्या जहाजांपैकी एकास तोफांच्या माऱ्याने आग लागली. ती एकीवरून दुसरीवर पसरत गेली आणि कान्होजींनी उभारलेल्या आरमाराचा हा मोठा भाग जळून खाक झाला.

खडक आणि वादळ यांतून जहाजे वाचविण्याची विद्या कान्होजींनी आपल्या माणसांना दिली होती. घरच्या वैरातून ती वाचविणे मात्र मागे राहिलेल्यांना साधले नाही.