परत आलेलें हस्तलिखित: सिग्रिड उंडसेट यांचें चरित्र

वाचकहो, धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगीं आपण आपल्या पूर्वजांच्या दीर्घ व मूक श्रमांचें स्मरण करीत आहों. अशा वेळीं दूर देशच्या एका कॅथलिक लेखिकेच्या तरुणपणची हकीकत आपणांपुढें ठेवावी, असें आम्हांस वाटलें. सिग्रिड उंडसेट या बाईंचें नांव पुढें जगांत गाजलें. परंतु पहिलें पुस्तक छापून निघेपर्यंतचीं त्यांचीं वर्षें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतात.

त्यांचा जन्म २० मे १८८२ रोजीं डेन्मार्कांतील कालुंडबोर्ग येथें झाला. आई डॅनिश, वडील इंगवाल्ड उंडसेट हे नॉर्वेंतील नामांकित पुराणवस्तुसंशोधक. मुलगी दोन वर्षांची असतांना हें कुटुंब नॉर्वेच्या राजधानींत, म्हणजे त्या वेळच्या क्रिस्तियानियांत व आजच्या ऑस्लोंत, राहावयास आलें. जुन्या काळच्या वस्तु आणि उत्तरेकडील वीरांच्या प्राचीन कथा यांच्या सहवासांत सिग्रिडचें बालपण गेलें. पण १८९३ सालीं वडील वारले. तेव्हां ती अवघी ११ वर्षांची होती; पाठीवर दोन बहिणी, आणि घरची मिळकत तुटपुंजी.

पुढील शिक्षणाची वाट अशा रीतीनें बंद झाली. वयाच्या १६ व्या वर्षीं ती शहरांतील एका यंत्रकामाच्या कंपनीच्या कचेरींत लागली, आणि तेथें तिनें १० वर्षें काढलीं. काम मनाजोगें नव्हतें. तरी आई व बहिणी यांच्याकरितां तिनें तें सोडलें नाहीं. दिवस कचेरीचा आणि रात्र लेखणीची, असा क्रम तिनें लावून घेतला.

त्या रात्रींतून मध्ययुगीन डेन्मार्काविषयीं एक ऐतिहासिक कादंबरी तयार झाली. १६ व्या वर्षीं आरंभिलेलें हें काम २२ व्या वर्षीं पुरें झालें. कोपनहेगन येथील प्रकाशकांनीं तें नाकारलें. शिवाय ऐतिहासिक कादंबरीच्या वाटेस पुन्हा जाऊं नये, लिहावयाचेंच तर चालू काळाविषयीं लिहून पाहावें, असा सल्लाही मिळाला. सहा वर्षांच्या श्रमांचें हें फळ! जो विषय पित्याकडून वारसा म्हणून आला होता, तोच आपला नव्हे, असें तिला ऐकावें लागलें. किती तरुण मनें एवढ्यानें कायमचीं मिटलीं असतीं!

सिग्रिडनें लेखणी टाकिली नाहीं. तिनें मध्ययुग बाजूस ठेविलें व आपल्या भोंवतीं पाहिलें. क्रिस्तियानियांतील मध्यम वर्गाच्या स्त्रिया, त्यांचे संसार, त्यांचीं न बोललेलीं दुःखें तिच्या नित्याच्या पाहण्यांतलीं होतीं. दोन वर्षांनीं सुमारें ८० पानांचें नवें हस्तलिखित सिद्ध झालें. प्रथम तेंही नाकारलें गेलें. पण पुढें स्वीकार झाला, आणि १९०७ सालीं, तिच्या वयाच्या २५ व्या वर्षीं, ‘फ्रू मार्टा उली’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

एका विवाहितेच्या व्यभिचाराची ही रोजनिशीच्या रूपांतली कथा आमच्या स्मरणिकेंत कशास, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, लेखिकेनें पापास गोंडस नांव दिलें नाहीं. पति आजारानें खंगून मरतो, त्यास कांहीं कळत नाहीं. तरी मार्टेचें मन तिला सोडीत नाहीं. सिग्रिड तेव्हां कॅथलिक नव्हती. परंतु सदसद्विवेकाच्या न्यायासनापुढें ती प्रामाणिकपणें उभी राहिली, आणि तो प्रामाणिकपणाच तिला पुढें फार दूर घेऊन गेला.

१९०९ सालीं प्रवासासाठीं सरकारी शिष्यवृत्ति मिळाली, तेव्हां बाईंनीं नोकरी सोडली व त्या रोमला गेल्या. नंतर विवाह, मुलेंबाळें, संसाराचीं दुःखें, हें सर्व त्यांच्या वांट्यास आलें. बाजूस ठेविलेलें मध्ययुग मात्र त्यांनीं जमिनींत पुरलें नव्हतें. १९२० ते १९२२ या तीन वर्षांत ‘क्रिस्टिन लाव्रान्सदत्तर’ ही त्यांची तीन खंडांची कादंबरी निघाली. तींत चौदाव्या शतकांतील नॉर्वे आहे, मठ व यात्रा आहेत, पाप व पश्चात्ताप आहे; आणि शेवटीं महामारींत दुसऱ्यांची सेवा करून देह ठेवणारी नायिका आहे. ज्या प्रांतांत पाऊल टाकूं नये असें त्यांस बजावलें होतें, त्याच प्रांतानें त्यांस कीर्ति दिली. त्या युगाचा शोध घेतां घेतां त्या युगाची श्रद्धाही त्यांस सांपडली. १९२४ सालीं, बहुतेक सर्व लुथरपंथी असलेल्या देशांत, त्यांनीं कॅथलिक ख्रिस्तसभेंत प्रवेश केला. १९२८ सालीं, मुख्यत्वें मध्ययुगाच्या चित्रणाबद्दल, त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तें धन त्यांनीं परोपकारार्थ दिलें. १० जून १९४९ रोजीं लिलेहामर येथें त्या प्रभूच्या घरीं गेल्या.

आमच्या धर्मग्रामांतही दिवसा चाकरी करून रात्रीं वही उघडणारा एखादा तरुण, एखादी तरुणी असेल. त्यांस आम्ही इतकेंच सांगूं कीं, परत आलेलें हस्तलिखित पाहून धन्यानें दिलेलें नाणें मातींत पुरूं नका. घरच्यांचा भार वाहावा, जवळचें सत्य लिहावें, आणि हृदयांतला विषय जपून ठेवावा. त्याची वेळ प्रभु जाणतो.