पं. विष्णु नारायण भातखंडे आणि आपले ग्वाल्हेर



संगीताच्या तासाला तुमच्या हातात जे पुस्तक असते, त्यात प्रत्येक चिजेखाली स्वर लिहिलेले असतात. स्वराखाली आडवी रेघ असली तर तो कोमल, मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ असली तर तो तीव्र. खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक, वर टिंब म्हणजे तार. समेला फुली आणि खालीला शून्य. तुम्ही या खुणा सहज वाचता. आम्हीही तुमच्या वयाचे असताना वाचत होतो. पुढे बी. ए. हिंदी माध्यमातून केले, त्यात संगीत हा एक विषय होता, आणि हाथरसला छापलेली भातखंड्यांची हिंदी पुस्तके पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या. ही पुस्तके मुळात मराठीत लिहिली गेली, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळले. तेही लष्करातल्या एका नातेवाइकांकडे माळ्यावरची ट्रंक खाली काढली तेव्हा. तिच्यात जुन्या पंचांगांच्या खाली क्रमिक पुस्तक मालिकेचा मराठी पहिला भाग निघाला. चार पिढ्या घरात मराठी बोलणारे आम्ही, आणि आपल्याच भाषेतले पुस्तक भाषांतरात वाचत होतो! त्या दिवशी थोडी लाजच वाटली. तेव्हापासून या माणसाविषयी जे मिळेल ते वाचत आलो आहोत. त्यातले काही आज तुमच्यासमोर ठेवतो.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. घराणे गवयांचे नव्हते. लहानपणी बासरी, मग सतार, अशी आवड वाढत गेली. पण त्या काळी चांगल्या घरच्या मुलाने गाण्यावर पोट भरावे हे कुणाला रुचले नसते, म्हणून शिक्षणही रीतसर झाले. १८८५ मध्ये बी. ए. आणि १८८७ मध्ये एल्‌एल. बी. काही काळ कराचीत वकिली केली, नंतर मुंबईत.

त्यांना गाण्याचे खरे दार उघडले ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीने. पारशी रसिकांनी १८७० मध्ये काढलेली ही संस्था. संध्याकाळी कामधंदा आटोपून वकील, व्यापारी, कारकून तेथे जमत, चांगल्या गवयांना बोलावून ऐकत आणि शिकतही. आज शहरात जी संगीत मंडळे आपण पाहतो, त्यांतली ही फार जुनी. येथे भातखंड्यांनी रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदे घेतली. ऐकता ऐकता त्यांना एक गोष्ट खटकू लागली. एकच राग दोन उस्ताद दोन तऱ्हांनी गात. का, असे विचारले की उत्तर एकच मिळे, आमच्या गुरूंनी असे सांगितले. जुन्या संस्कृत ग्रंथांत पाहावे तर त्यांतले राग आणि कानावर पडणारे राग जुळत नव्हते. वकिलाचे डोके, पुराव्याशिवाय समाधान कसे होणार?

१९०० मध्ये त्यांची पत्नी वारली आणि १९०३ मध्ये एकुलती एक मुलगी. त्यानंतर वकिलीत त्यांचे मन राहिले नाही. दुसऱ्या कुणी घर बदलले असते, तीर्थयात्रा केली असती. यांनीही यात्राच केली, पण वेगळी. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. गावोगावच्या विद्वानांना विचारायचे प्रश्न आधीच लिहून नेले होते, आणि प्रवासात रोजनिशी ठेवली. एट्टयपुरम येथे सुब्बराम दीक्षितांची भेट झाली. व्यंकटमखीच्या चतुर्दण्डिप्रकाशिका या ग्रंथाची हस्तलिखित प्रत त्यांना या प्रवासात मिळाली. त्यातल्या बहात्तर मेळांची मांडणी पाहून त्यांना आपल्या उत्तरेकडच्या रागांसाठी दहा थाटांची वाट सापडली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी ही यादी तुम्ही जी घडाघडा म्हणता, ती त्या शोधातून आली. पुढे १९०७ मध्ये नागपूर, हैदराबाद, विजयनगरम, कलकत्ता, आणि त्यानंतर उत्तर हिंदुस्थान.

ग्रंथ मिळवणे त्यामानाने सोपे. चिजा मिळवणे कठीण. उस्ताद चिजा लपवत, असे आपण सहज म्हणतो, पण त्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. शेत नाही, दुकान नाही, दरबारची नोकरी महाराजांच्या मर्जीवर. बापाकडून मिळालेल्या दोन-चारशे चिजा हीच त्या घरांची मिळकत होती. काही घरांत चिजा मुलीबरोबर हुंड्यात देत, असे सांगतात. ती मिळकत एका वकिलाला वहीत उतरवून कोण देईल? भातखंड्यांनी ती मिळवली ती रीत पाळून, म्हणजे शिष्य होऊन. जयपूरचे मोहम्मद अली खाँ आणि त्यांचे चिरंजीव आशिक अली खाँ यांच्याकडून मनरंग घराण्याचे ख्याल घेतले. रामपूरला तानसेनांच्या वंशातले वजीर खाँ होते. तेथील नवाब हमीद अली खाँ स्वतः जाणकार. भातखंडे नवाबांचे शागीर्द झाले, तेव्हा तो खजिना उघडला. आमच्या ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित यांनीही त्यांना येथल्या चिजा दिल्या.

जे मिळाले ते त्यांनी लिहून काढले आणि छापले. श्रीमल्लक्ष्यसंगीतम् हा संस्कृत ग्रंथ चतुर पंडित या नावाने. हिंदुस्थानी संगीत पद्धति हा मोठा ग्रंथ मराठीत, चार भागांत, पहिला १९१० चा आणि शेवटचा १९३२ चा. हा सगळा ग्रंथ गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू कधी उत्तर देतात, कधी आणखी चार मते सांगून त्यालाच विचार करायला लावतात. शिक्षक म्हणून आम्हाला ही पद्धत फार आवडते. क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत दीड हजाराहून अधिक चिजा स्वरलिपीत आहेत. रागाचे नियम पाठ व्हावेत म्हणून त्यांनी स्वतः लक्षणगीते रचली. छपाईची बाजू त्यांचे स्नेही भालचंद्र सुकथनकर यांनी सांभाळली.

आता आपल्या गावाकडे येऊ. ग्वाल्हेर ही ख्यालाची गंगोत्री. हद्दू खाँ, हस्सू खाँ, नत्थू खाँ यांचे गाणे येथल्या दरबारात वाढले आणि दक्षिणी ब्राह्मणांच्या घराघरांत उतरले. निसार हुसेन खाँ तर शंकर पंडितांच्या घरीच राहिले. खाँसाहेब मुसलमान, घर सोवळ्याओवळ्याचे, तरी दोन्ही बाजूंनी निभावले. अशा गावाला संगीत शिकवायला मुंबईचा वकील येणार म्हटल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

झाले ते असे. मार्च १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखाली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिच्यामागे भातखंड्यांचे श्रम होते. देशभरचे उस्ताद आणि विद्वान एका मांडवात बसले आणि रागांवर चर्चा झाली. अशी गोष्ट त्याआधी घडली नव्हती. आपले माधवराव शिंदे महाराज रेल्वे, कालवे, शाळा यांत रस घेणारे. गाण्याचीही अशी शाळा ग्वाल्हेरात असावी असे त्यांनी मनावर घेतले, पण मास्तर कुठून आणणार? भातखंड्यांच्या सल्ल्याने त्यांनी ग्वाल्हेरच्याच काही गवयांना मुंबईला शिकायला पाठवले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. राजाभैयांचा जन्म १८८२ चा, म्हणजे तेव्हा वय पस्तिशीचे. शंकर पंडितांची तालीम घेतलेला, मैफल गाजवणारा माणूस मुंबईत पाटी-पेन्सिल घेतल्यासारखा बसला आणि स्वर लिहायला शिकला. आम्हाला या सगळ्या चरित्रात हा प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. गळ्यात गाणे असताना पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसणे सोपे नाही. आम्ही पन्नाशीत संगणक शिकायला बसलो होतो, तेव्हा आठवीच्या मुलांसमोर किती संकोच वाटला ते आम्हालाच ठाऊक.

ही मंडळी परत आली आणि जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. इयत्ता, वेळापत्रक, परीक्षा, सगळे शाळेसारखे. भातखंडे तपासणीला येत. राजाभैया पुढे तेथे प्राचार्य झाले. गंडा न बांधता, कुणाच्या घरी बारा वर्षे सेवा न करता, कारकुनाचा मुलगाही राग शिकू लागला. लष्करातल्या जुन्या मराठी घरांत आज जे तंबोरे कोपऱ्यात उभे आहेत, त्यांतले पुष्कळ या विद्यालयामुळे घरी आले असावेत.

सगळ्यांना हे पटले होते असे नाही. त्याआधी चार वर्षे, १९१४ मध्ये, शंकर पंडितांचे चिरंजीव कृष्णराव यांनी ग्वाल्हेरातच आपले विद्यालय काढले होते, ते घरच्या तालमीच्या बळावर. गाणे समोर बसून कानाने घ्यायचे, कागदावरून नव्हे, असे मानणारे तेव्हा होते आणि आजही आहेत. त्यांचे म्हणणे खोटे नाही. स्वरलिपीत स्वर येतो, मींड नीट येत नाही, आणि कोणत्या शब्दावर श्वास घ्यावा हे तर मुळीच येत नाही. चार घरांत चार तऱ्हांनी गायिली जाणारी चीज पुस्तकात एकाच तऱ्हेने छापली की पुढच्या पिढीला तीच खरी वाटते. दहा थाटांतही सगळे राग सुखाने बसत नाहीत. दोन्ही मध्यम घेणाऱ्या ललतला कुठे बसवावे यावर तुमच्या सरांना विचारून पाहा. उस्तादांच्या अडाणीपणावर भातखंड्यांनी कडक लिहिले आहे, आणि ज्यांच्याकडून चिजा घेतल्या त्यांच्याविषयी इतके कडक लिहायला नको होते, असे आम्हाला वाटते. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची स्वरलिपी वेगळी होती, त्या दोघांचा मार्गही एक झाला नाही.

तरीही आम्ही भातखंड्यांच्या बाजूचे आहोत, आणि त्याला कारण आहे. रियासती गेल्या, दरबार उठले. कितीतरी घराण्यांत पुढे गाणारा कुणी उरला नाही. ज्या चिजा वहीत उतरल्या होत्या, त्या निदान वहीत राहिल्या. श्वास पुरवणारा गुरू मिळाला तर त्या पुन्हा उभ्या राहतात. वहीच नसेल तर गुरूही काय करणार? दर वर्षी जूनमध्ये वेळापत्रक लावताना संगीताचा तास गणिताला द्यावा असे आम्हाला कुणी ना कुणी सुचवते. सुचवणारे वाईट नसतात, त्यांना मुलांच्या गुणांची काळजी असते. पण तो तास आम्ही अजून दिलेला नाही.

बडोद्यानंतर १९१८ मध्ये दिल्ली, १९१९ मध्ये काशी आणि मग लखनौ येथे परिषदा झाल्या. लखनौला १९२६ मध्ये मॅरिस कॉलेज निघाले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ते पुढे अनेक वर्षे चालवले. तीच संस्था आज भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने संगीत आणि कला विश्वविद्यालय २००८ मध्ये झाले, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने आपल्या गावाला संगीत नगरी म्हणून मान दिला. त्या दिवशी बाड्यावर जो आनंद झाला तो आपण सर्वांनी पाहिला. किती जणांना भातखंड्यांची किंवा राजाभैयांची आठवण झाली, कोण जाणे.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला आणि त्यांनी अंथरूण धरले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, मुंबईत त्यांचे निधन झाले. घरोघर मूर्ती येत होत्या तो दिवस. क्रमिक मालिकेचा शेवटचा भाग त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला.

ट्रंकेतला तो पहिला भाग नातेवाइकांनी शाळेला दिला आहे. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण अक्षर स्वच्छ आहे. आम्ही तो बांधून घेतला असून संगीताच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवला आहे. यमनचे पान तुमच्या हिंदी पुस्तकाशेजारी ठेवून पाहा, आणि मराठीतली सूचना मोठ्याने वाचा. मधल्या सुट्टीत यावे, किल्ली आमच्याकडे आहे. पाने मात्र हळू उलटावीत.