होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९ – २४ जानेवारी १९६६) हे भारतीय कणभौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे प्रवर्तक होते. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील अणुऊर्जा संस्था त्यांनी उभारल्या. खाडीपलीकडील नवी मुंबईतील तुर्भे हे याच नावाचे वेगळे गाव आहे.

शिक्षण व संशोधन

भाभा यांचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. त्यांनी अभियंता व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. त्यानुसार ते १९२७ मध्ये केंब्रिजला गेले. मात्र १९३० मध्ये यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यावर ते भौतिकशास्त्राकडे वळले. इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी मांडलेले गणित पुढे ‘भाभा प्रकीर्णन’ या नावाने प्रसिद्ध झाले. १९३७ मध्ये वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांमुळे वातावरणात होणाऱ्या कणवर्षावाची उपपत्ती मांडली.

संस्थांची उभारणी

१९३९ मध्ये भाभा सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि केंब्रिजला परतणे राहून गेले. ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. युरोपात परतण्याऐवजी त्यांनी देशातच संशोधनकेंद्र उभारण्याचे ठरवले. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहिले. अणुऊर्जेचा वापर सुरू होईल तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, हा त्यामागील विचार होता. त्यातून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली. भाभा तिचे पहिले संचालक होते.

तुर्भे येथील कार्य

१९४८ मध्ये भाभा अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये तुर्भे येथील संस्थेची स्थापना झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तेथील ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिची उभारणी भारतीय शास्त्रज्ञ व अभियंत्यांनी केली होती. इंधन मात्र ब्रिटनमधून आले होते. १९५७ मध्ये तेथे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. विद्यापीठांतून निवडलेल्या पदवीधरांना अणुविज्ञानाचे शिक्षण देऊन थेट कामावर घेण्याच्या या पद्धतीमुळे १९४४ च्या पत्रातील विचार प्रत्यक्षात आला.

मृत्यू व वारसा

व्हिएन्ना येथील बैठकीस जात असताना २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर झालेल्या विमान अपघातात भाभा यांचा मृत्यू झाला. १९६७ मध्ये तुर्भे येथील संस्थेला ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ हे नाव देण्यात आले. २००५ मध्ये स्थापन झालेल्या अभिमत विद्यापीठालाही, होमी भाभा राष्ट्रीय संस्थेला, त्यांचेच नाव आहे.