मास्टर विनायक

रस्त्याने जाताना एखादा मनुष्य केळीच्या सालीवरून घसरला, की पाहणाऱ्यांस हसू येते. ते हसू दुसऱ्याच्या फजितीचे असते. पडणाऱ्यास लागले की काय, याची विचारपूस हसणारा करीत नाही. याहून निराळे असेही एक हसू आहे. दुसऱ्याचे सोंग पाहता पाहता, हे तर आपलेच चित्र आहे, असे ध्यानात येते आणि मनुष्य थोडा ओशाळून, पण मोकळ्या मनाने हसतो. मराठी चित्रपटास अशा हास्याची गोडी ज्यांनी लावली, त्यांत दिग्दर्शक मास्टर विनायक यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचे संपूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. त्यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्या नगरीत कलावंतांची वाण नव्हती. बाबूराव पेंटर यांनी तेथेच महाराष्ट्र फिल्म कंपनी नावारूपास आणली आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचाही जन्म तेथेच झाला. बाबूराव पेंढारकर व व्ही. शांताराम हे तर विनायकांच्या आप्तांपैकीच. बंधू वासुदेव हे छायाचित्रणकार झाले. अशा वातावरणात वाढलेल्या विनायकांची पावले चित्रपटाकडे वळली, यात नवल नाही. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा प्रभातचा बोलपट प्रकाशित झाला, त्यात त्यांनी नारदाची भूमिका केली.

पुढे १९३५ मध्ये मामा वरेरकरांच्या कथेवरील 'विलासी ईश्वर' या चित्रपटाचे दिग्दर्शन त्यांनी केले. पुढल्याच वर्षी बाबूराव पेंढारकर व छायाचित्रणकार पांडुरंग नाईक यांच्या साहाय्याने त्यांनी 'हंस पिक्चर्स' ही संस्था उभारली. संस्थेचा पहिला चित्रपट 'छाया' याची कथा वि. स. खांडेकर यांची होती. ती करुण कथा रसिकांच्या काळजास भिडली. करुणरसात मिळालेल्या या यशावर विनायकांना स्वस्थ बसता आले असते. परंतु त्यांच्या प्रतिभेला दुसरीही एक वाट खुणावीत होती.

त्या काळी पडद्यावर देवदेवता, साधुसंत व शूर वीर यांचेच राज्य असे. नायक म्हटला की तो देखणा आणि धैर्यवान असावयाचा. साध्यासुध्या माणसाची धांदल हा चित्रपटाचा विषय होऊ शकेल, असे फारच थोड्यांना वाटत होते. विनायकांनी मात्र आचार्य अत्रे यांच्या लेखणीच्या बळावर ते धाडस केले. १९३७ मध्ये 'धर्मवीर' आला. त्यात प्रतिष्ठेच्या बुरख्याआडचे ढोंग उघडे केले होते. १९३८ मध्ये 'ब्रह्मचारी' आला आणि विनायकांचे नाव सर्वतोमुखी झाले.

या चित्रपटाचा नायक औदुंबर हा एक भोळा तरुण. ब्रह्मचर्यावरील जळजळीत व्याख्यान ऐकून तो भारावून जातो, भिंतीवरची नट्यांची चित्रे उतरवितो आणि मोठ्या निर्धाराने व्रत घेतो. इतक्यात किशोरी नावाची एक युवती त्याच्या आयुष्यात येते आणि त्याचा निर्धार डळमळू लागतो. किशोरीची भूमिका मीनाक्षी शिरोडकर यांनी केली. तिच्या जलक्रीडेच्या प्रसंगावरून त्या वेळी मोठी चर्चा माजली. तथापि चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला. औदुंबराची भूमिका स्वतः विनायकांनीच केली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. लोकांनी हसावे ते प्रथम आपणास, असाच जणू त्यांचा बाणा होता.

१९३९ मध्ये 'ब्रँडीची बाटली' प्रकाशित झाला. मुंबईत त्याच वर्षी दारूबंदी लागू झाली होती. चित्रपटातील बगाराम हा नगरपालिकेतील भित्रा कारकून. एका आजारी मुलासाठी औषध म्हणून ब्रँडी हवी असते; पण ती कशी असते, हेदेखील या निर्व्यसनी गृहस्थास ठाऊक नसते. त्याच्या शोधयात्रेत होणारी तारांबळ दामुअण्णा मालवणकर यांनी अशी रंगविली की, प्रेक्षक हसता हसता बगारामच्या बाजूचे होऊन जात. पुढे चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ विनायकांनी 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटात पडद्यावर आणले आणि मध्यमवर्गीय घरातील रोजची ओढाताण हाच विनोदाचा विषय केला.

विनायकांचा विनोद बोचरा नव्हता, कारण त्यांचे अंतःकरण कनवाळू होते. एप्रिल १९४२ मध्ये गायक-नट मास्टर दीनानाथ मंगेशकर निवर्तले. पत्नी व पाच लहान मुले यांचे छत्र हरपले. थोरली कन्या लता तेव्हा अवघी बारा वर्षांची होती. विनायक दीनानाथांचे स्नेही. त्यांनी नुसते सांत्वन केले नाही, तर लताबाईंना चित्रपटात काम मिळवून देऊन त्या कुटुंबास आधार दिला. पुढे प्रफुल्ल पिक्चर्स ही आपली संस्था घेऊन ते १९४५ मध्ये मुंबईस गेले, तेव्हा लताबाईही मुंबईस आल्या. त्यानंतर तेथे त्यांच्या गायनास केवढा बहर आला, हे सर्वश्रुत आहे.

दैवाची गती मात्र विचित्र असते. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला आणि त्यानंतर चौथ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, विनायकांनी इहलोक सोडला. त्यांचे वय एकेचाळीस वर्षांचे होते. 'मंदिर' हा चित्रपट अपुरा राहिला. तो दिनकर द. पाटील यांनी पुरा केला. विनायकांची कन्या नंदा तेव्हा आठ वर्षांची होती. ज्या संकटात त्यांनी स्नेह्याच्या मुलांना हात दिला, तेच संकट आता त्यांच्याच घरी आले. नंदा बालवयातच कॅमेऱ्यापुढे उभी राहिली, घराचा भार तिने उचलला आणि कालांतराने हिंदी चित्रपटांतील मान्यवर अभिनेत्री म्हणून ती कीर्तीस चढली.

लोकांना पोटभर हसविणाऱ्या या कलावंताच्या वाट्यास दीर्घायुष्य आले नाही. पण माणसाने आपल्या ढोंगास हसावे आणि दुसऱ्याच्या दुःखात धावून जावे, हे दोन्ही धडे त्यांच्या चरित्रात एकत्र सापडतात. ज्यास पहिला धडा साधतो, त्यास दुसराही फारसा अवघड जात नाही.